बिनभोकाची डिस्क

आमच्या गॅरेजात झिजलेले ब्रेक पॅड टाकायला एक पिंप आहे. ते भरलं की भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साचत राहतात! राजापेठेत वीस वर्षं मी फक्त ब्रेकचं काम करतो. स्वभावानं घाबरट आहे, पण ब्रेकवाला घाबरट असलेलाच बरा. त्यातही डॉक्टर प्रफुल्लनं माझा जीव जेवढा टांगणीला लावला, तेवढा दुसऱ्या कोणत्याच गिऱ्हाइकानं लावला नाही.

प्रफुल्ल अकोल्याचा दातांचा डॉक्टर. त्यानं सेकंडहँड स्पोर्ट्‌स कार घेतली आणि ती रेसिंग ट्रॅकवर पळवायचं ठरवलं. त्यासाठी ब्रेकच्या नव्या डिस्क हव्या होत्या. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी थाळी. पॅड तिला चिमटीत धरतात, तेव्हा गाडी थांबते. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. भोकाभोकांची चकचकीत डिस्क!

"भाऊ, मले हेच पायजे."

ट्रॅकवर डिस्क लाल होईस्तोवर तापते, आणि तडा जातो तो भोकापासूनच. भर स्पीडमध्ये तडा गेला तर हा पोरगा घरी यायचा नाही.

"डॉक्टर, दाताले भोक पाडल्यावर दात मजबूत होते का?"

"नाही होत. म्हनून तर आमी वरून कॅप बसवतो. डिस्कले बसत नाही काय?"

*

शेवटी त्याच्या बाबांना मध्ये घातलं. बाबा अकोट डेपोतून रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"लोखंड कमी केलं, अन् मंग मजबूत कसं झालं जी?"

डॉक्टरनं मोबाईल खिशात घातला. बिनभोकाची, जाड डिस्क ठरली. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं.

*

डिस्क बसवून गाडी अकोल्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन.

"भाऊ, ब्रेकच लागून नाही राहिला!"

हातातला पाना घेऊनच निघालो. अकोल्याला पोचेपर्यंत मनातल्या मनात त्याला तीनदा दवाखान्यात भरती केलं. जाऊन बघतो तर गाडी अंगणातच, फाटकाला टेकलेली. आणि चारही डिस्कवर तुपात कालवलेल्या कुंकवाची स्वस्तिकं! त्याच्या आईनं नव्या वस्तूची पूजा केली होती.

"काकू, तुपानं ब्रेक घसरते न!"

"घसरन कसा? घरचं तूप हाय, विकतचं थोडीच हाय!"

डिस्क धुतल्या, पॅड बदलले.

*

मग चिखलदऱ्याच्या घाटात गाडी तपासायला नेली. खाली उतरलो तेव्हा चाकातून जळका वास येत होता. बाबा कॅन घेऊन धावले. घाट उतरला की चाकावर पाणी मारायचं, ही त्यांची एसटीतली सवय.

"बाबा, थांबा!" मी किंचाळलोच. "तापल्या डिस्कवर थंडं पानी पडलं तर तडकन ते!"

बाबांनी शांतपणे कॅन माझ्यापुढं धरला.

"मंग तुमीच प्या. डिस्कपेक्षा तुमीच जास्त तापले."

*

शेवटी ट्रॅकचा दिवस आला. बाबांनी आधीच बजावलं होतं, "डिस्क तुमी निवडली न? मंग बाजूले तुमीच बसा."

बसलो. खरं सांगतो, हेल्मेट घालताना लेकरं आठवली. लांब सरळ रस्ता, पुढं एकदम वळण, आणि ब्रेक कुठं दाबायचा ते कळावं म्हणून कडेला तीन बोर्ड. पहिला बोर्ड गेला. दुसरा गेला. तिसरा गेला, तरी डॉक्टरचा पाय ॲक्सिलरेटरवरच!

"डॉक्टर!" मी बोंबललो.

कचकन ब्रेक लागला आणि गाडी वळली. तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही वेळा हेच! गाडी ट्रॅकबाहेर आल्यावर मी उतरलो आणि टॉर्च लावून चारही डिस्क पाहिल्या. एकही तडा नाही! मला तिथंच रडू आलं.

"डॉक्टर," मी डोळे पुसत विचारलं, "ब्रेक बोर्ड पाहूनच दाबता न?"

"एवढ्या स्पीडमंदी बोर्ड कोनाले दिसते भाऊ? तुमी ओरडले का मी दाबतो."

आणि परत हेल्मेट घालत म्हणाला, "चला, बसा. आता फक्त जरासं उशिरा ओरडा!"