पातळ हातमोजे

रत्नागिरीच्या दुकानात मी सायकलसाठी जाड, गुबगुबीत हातमोजे निवडले. दुसऱ्या दिवशी सड्यावरून, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावरून, पहिल्यांदाच सायकलने खाली उतरायचं होतं. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी, पिकल्या मिशांच्या गृहस्थांनी ते हातमोजे माझ्या हातांत चढवून मला दुकानातल्या एका सायकलचा ब्रेक धरायला लावला.

"डोळे मिटा. ब्रेक बोटाला कळतोय?"

"नाही हो."

त्यांनी उजवा तळहात उघडला. जांभ्या दगडाने हातमोज्यासकट सोललेली कातडी अजून गुलाबी होती.

"माझेही असेच जाड होते. कातडी सांभाळायला गेलो नि ब्रेकच कळला नाही. पातळ घ्या."

मी पातळ घेतले. दुसऱ्या दिवशी भर उतारावर एक म्हातारी आडवी आली. सायकल तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मी सायकल आडवी ठेवून रस्त्याकडेला बसलो. दुकानातल्या त्या गृहस्थांना ब्रेक कळला नाही, तेव्हा त्यांच्यासमोर कोण आलं होतं, हे मी विचारलंच नव्हतं.