साडूंची काचेची खोली

अहमदपुरात नवीन काहीही आलं, तर ते आधी आमच्या साडूंच्या घरी येतं आणि मग गावाला कळतं. पाखरासारखी चिवचिवणारी दारावरची घंटा गल्लीत पहिल्यांदा त्यांनीच बसवली. शेजारचं मांजर आठवडाभर उंबऱ्याशी दबा धरून होतं. मोंढ्यातल्या दुकानात गिऱ्हाईकाला चारदा विचारणारा हा माणूस घरात कुणाला म्हणून विचारत नाही. फ्रीज आला तेव्हा आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, माहेरी होती. घराला पोपटी रंग लागला तेव्हाही ती माहेरीच होती. "इचारलं की न्हाई म्हणती. मग इचारायचंच कशाला?" हा त्यांचा सरळ हिशेब.

यंदा आक्का लेकीच्या बाळंतपणाला उदगीरला गेली आणि साडूंनी गच्चीवर काचेची खोली बांधून घेतली. पुण्यात कुणाच्या तरी बंगल्यावर पाहिली होती म्हणे. तिन्ही बाजूंनी काच, वर काच, तोंड पश्चिमेला! आक्का परतली ती कुरडयांचे गहू भिजवायचं डोक्यात घेऊन. वर गेली, वाळवणाची जागा काचेनं गिळलेली पाहिली, खाली आली आणि तिनं नवऱ्याशी अबोला धरला. जेवण वाढल्याचा निरोपसुद्धा तिच्या फोनवरून लातूरला माझ्या बायकोकडे यायचा आणि मी तो अहमदपूरला साडूंना कळवायचो.

चूक कबूल करतील तर ते साडू कसले! एप्रिलच्या दुपारी डोक्यावर ओला टॉवेल आणि वर उघडी छत्री घेऊन ते त्या भट्टीत बसायचे. "साडूभाऊ, बाहेर या," एका रविवारी लातूरहून गेलो तेव्हा मी म्हणालो. "सवय करायलो," ते म्हणाले. पण आतून पार खचले होते. बायकोच्या बडबडीनं कान किटले म्हणून जन्मभर तक्रार करणारा माणूस, आता तेच कान तिच्या एका शब्दासाठी टवकारून बसला होता. "एक डाव शिवी जरी दिली ना, तरी बास हाय मला," एकदा हळूच म्हणाले. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

शेवटी आक्कानं उरलेल्या चिंचोळ्या गच्चीवर बाज टाकून कुरडया घातल्या, आणि नेमकी वावटळ उठली. मी त्या दिवशी तिथंच आलेलो होतो. आक्कानं मला हाक मारली आणि आम्ही कुरडयांसकट बाज उचलून काचेच्या खोलीत नेली. धूळ नाही, कावळा नाही; सांजेपर्यंत कुरडया खडखडीत. आठवड्याभरात गल्लीतल्या बायकांनी खोलीचा ताबा घेतला. पापड, सांडगे, शेवया! खोलीच्या मालकाला आत पाय ठेवायला जागा उरली नाही.

पुढच्या रविवारी मी आत ताटं सरकवत होतो आणि साडू बाहेर रणरणत्या उन्हात उभे होते. आक्कानं मान वर केली आणि थेट त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलली. काच जाड. त्यांना नुसते ओठ हललेले दिसले. तरी ते गडबडून "हाव, हाव" म्हणत मान डोलवायला लागले. काय कबूल करतोय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी दार सरकवलं.

"उन्हात कामून उभारलाव? आत या म्हणलं," आक्का म्हणाली.

आत बाहेरच्यापेक्षा दुप्पट उकडत होतं. साडू आले आणि दोन ताटांच्या मधल्या वीतभर जागेत अंग चोरून बसले. घाम टपटपत होता, चेहरा मात्र निवलेला. आक्का एकेक कुरडई उलटत त्यांना फ्रीजपासून रंगापर्यंतचं सगळं सुनावत होती आणि ते कान टवकारून ऐकत होते.