मावशीच्या झोपेची गोष्ट रंगमंचावर

माझ्यासारखीने इथे लिहिणे धाडसाचे आहे, क्षमा असावी.

१९९३ च्या भूकंपात घर पडल्यापासून सास्तूरला एकटी राहणारी माझी मावशी पायांत चप्पल घालूनच झोपते. पुन्हा पळावे लागले तर, म्हणून. कथाकथन शिकवणाऱ्या सरांना हे मी विश्वासाने सांगितले होते.

आज धाराशिवला त्यांच्या कार्यक्रमाला मी हौसेने मावशीला नेले. सरांनी चपलेसकट घोरणारी भित्री बाई रंगवली. सभागृह खळखळून हसले. मावशीने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

नंतर सर मला म्हणाले, "अगं, नाव कुठं घेतलं मी? लोकांना आवडलं की."

परतताना बसमध्ये मावशी एवढेच बोलली, "म्या फक्त तुलाच सांगितलं व्हतं."

सांगा, सरांवर रागावण्याचा अधिकार मला उरला आहे का?

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटे