बॅरिस्टरच्या गाडीतलं पळकं तेल

आम्ही जुने गॅरेजवाले तिघं-चौघं भेटलो की बोलणं गुडघ्यांपासून सुरू होतं आणि दहा मिनिटांत बॅरिस्टरसाहेबांवर येतं. एकाने एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. बाकी गिऱ्हाइकांचं सांगताना आम्ही हसतो. ह्या माणसाचं सांगताना माझा आवाज अजून चढतो, आणि बायको आतून ओरडते, "अहो, तो माणूस जाऊन किती वर्षं झाली!" झाली असतील. माझा राग गेला नाही त्याला मी काय करू!

पन्नास सालानंतरचे ते दिवस. चिंचवडात मुंबई रस्त्याला आमचं पत्र्याचं गॅरेज होतं. शेठ मालक, सावळाराम हेडमिस्त्री आणि मी वेल्डर. सावळाराम चऱ्होलीचा, बोलायला गावरान, पण इंजिनाला कान लावला की रोग सांगायचा. बॅरिस्टरसाहेब पुण्याचे. त्यांच्याकडे दोन सीटची उघडी विलायती गाडी होती. चाकणच्या पुढे लढाईच्या वेळी बांधून नंतर ओसाड पडलेली एक धावपट्टी होती, तिथे रविवारी साहेबलोक मोटारींच्या शर्यती लावायचे. दोन टोकांना डांबराची रिकामी पिंपं ठेवायची आणि त्यांना लांबलचक वळसे घालत पळायचं.

पहिल्याच शर्यतीत गाडी आतून ठकठक ठोके द्यायला लागली. इंजिन उघडलं तर बेअरिंग वितळलेलं. बॅरिस्टर गरजले, "ह्या मिस्त्रीने आत कचरा ठेवला!"

सावळाराम शांतपणे म्हणाला, "कचरा न्हाई साहेब. वळनावर इंजिनाखालच्या चेंबरातलं त्याल सगळं एका बाजूला पळतंय. पंपाची जाळी उघडी पडती, पंप हवा पितोय. बेअरिंग कोरडं फिरलं की जळनारच."

"तेल पळतं? कुठे पळतं? चेंबरला काय दार आहे?"

शेठ मोठ्याने हसले. गिऱ्हाईक मोठं होतं ना! सावळारामला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. मागितली त्याने. मी असतो तर पाना फेकून घरी गेलो असतो.

*

नवीन बेअरिंग बसलं. पुढच्या रविवारी साहेब परत आले ते मीटरवर चिडून. "सरळ रस्त्यावर तेलाच्या दाबाचा काटा बरोबर असतो आणि वळणावर शून्यावर जातो. मीटर खराब आहे. बदला!"

बदललं. नव्या मीटरचा काटाही वळणावर शून्यावर. तेही बदललं! तिसऱ्याचा काटाही शून्यावर गेला, तेव्हा साहेबांनी स्वतःच इलाज शोधला. मीटरच्या काचेवर चामड्याची गोल चकती चिकटवली.

सावळाराम बघतच राहिला. "साहेब, त्यो काटा तर तुमाला सांगतोय, वळनावर गाडी दमानं घ्या म्हनून."

"मिस्त्री, शर्यतीत माणसाचं मन स्थिर लागतं. तो काटा माझं मन विचलित करतो!"

त्या दिवशी साहेबांचं मन फार स्थिर होतं. बेअरिंग सातव्या फेरीला गेलं. दोष पुन्हा मिस्त्रीचाच!

*

सावळारामला वाटलं, शिकलेला माणूस आहे, डोळ्यांनी बघितलं तर पटेल. केवढा भाबडा माणूस! गाडी दुरुस्त झाल्यावर तो धावपट्टीवर साहेबांच्या शेजारच्या सीटवर बसला, मांडीवर जेवायची काठाची थाळी, थाळीत दोन तांबे पाणी. "आता तुमच्या नेहमीच्या वेगानं वळवा. थाळीला चेंबर समजा."

साहेबांनी गाडी डावीकडे वळवत पिंपाला वळसा घातला. पाणी उजवीकडे उसळलं आणि सगळंच्या सगळं साहेबांच्या पांढऱ्या पाटलोणीवर! थाळी कोरडी ठणठणीत.

"बघितलंत साहेब?"

"बघितलं," बॅरिस्टर दातओठ खात म्हणाले. "तुला साधी थाळी धरता येत नाही, आणि तू माझं इंजिन धरतोस!"

*

मग सावळारामने सोपा उपाय केला. तेल मोजायच्या पट्टीवर जी कंपनीची रेघ असते, तिच्यावर दोन पाइंट तेल जास्त घालायला लागला. एका बाजूला पळालं तरी जाळी बुडण्याइतकं शिल्लक राहावं म्हणून. गाडी थोडा धूर टाकायची, पण दोन शर्यती बेअरिंग टिकलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

तिसऱ्या शर्यतीच्या सकाळी साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा तेलाची पट्टी स्वतः ओढून बघितली. झालं! "रेघेच्या वर? ही रेघ विलायतेतल्या इंजिनिअरांनी मारली आहे. तू कोण शहाणा लागून गेलास?" समोर उभं राहून जास्तीचं तेल काढून घ्यायला लावलं, रेघेला अगदी डोळा लावून.

दुपारी गाडी बैलांनी ओढत आणली.

शेठनी सावळारामला गल्ल्यापाशी बोलावलं. "हे तिसरं. ह्यापुढे ह्या गाडीचं बेअरिंग गेलं तर तूही जायचंस. आणि चेंबरला परस्पर हात लावायचा नाही, साहेबांची ताकीद आहे." घरात म्हातारी आई, चार पोरं आणि हा एकटा कमावता. सावळाराम नुसता "व्हय" म्हणाला. मला त्या "व्हय"चा इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

साहेबही गप्प बसले नाहीत. गाडीच्या विलायतेतल्या कंपनीला त्यांनी खरमरीत पत्र लिहिलं आणि आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात 'अडाणी मेकॅनिक' हे शब्द चार वेळा होते.

*

सोमवारी सावळाराम चऱ्होलीहून आला तो थेट माझ्याकडे. "गोपाळराव, राग सोड. आमचा थोरला भाऊ नदीवरनं बैलगाडीत पिंप भरून पानी आनतो. वर कडुलिंबाचे डहाळे टाकतो, म्हनून पानी हिंदकळत न्हाई. लहानपनापासनं बघतोय, आन् काल कुठं ध्यानात आलं बघ! चेंबरात तसंच कायतरी टाकायचं."

"चेंबरात कडुलिंब?"

"पत्रा रं राव, पत्रा! जाळीच्या भवती कप्पा करायचा. त्याला बिजागरीची झडप. त्यालाला आत यायला वाट, भाईर जायला न्हाई."

शेठ जेवून तासभर वामकुक्षी घ्यायचे. तीन दुपारी तेवढ्या वेळात आम्ही ते काम केलं. सावळाराम पत्रा कापायचा, मी वेल्डिंग मारायचो, आणि शेठचं घोरणं थांबलं की दोघंही फटाफट दुसऱ्या गाडीखाली शिरायचो. सारखा मागे वळून बघायचो मी, तो नाही. नोकरी त्याची जाणार होती तरी!

त्यानंतर सगळा हिवाळा गाडी पळाली. पाच शर्यती झाल्या, बेअरिंग टकाटक. साहेबांनी एक कपही जिंकला. तो घेऊन गॅरेजात आले, शेठला पेढे दिले आणि म्हणाले, "अखेर मला वळण घेण्याचं तंत्र साधलं!"

सावळारामने पेढा खाल्ला. मी नाही खाल्ला.

*

आणि मग विलायतेहून उत्तर आलं, बोटीने, पाच महिन्यांनी. कंपनीने कळवलं होतं की वेगात वळताना तेल एका बाजूला जातं ही गोष्ट खरी आहे, चेंबरात पत्र्याचा कप्पा करून झडप बसवावी, सोबत नकाशा जोडला आहे.

साहेब आम्हाला काही बोलले नाहीत. असलं काम आमच्या हातचं नाही म्हणून गाडी आणि नकाशा परस्पर मुंबईच्या मोठ्या वर्कशॉपात पाठवला. आठ दिवसांत तिथून गाडी परत आली, सोबत चिठ्ठी. नकाशात दाखवलेला कप्पा आणि झडप गाडीत आधीपासूनच आहे, काम उत्तम आहे, आम्ही काहीही केलेलं नाही.

चिठ्ठी आणि नकाशा हातात घेऊन बॅरिस्टरसाहेब गॅरेजात शिरले ते लालबुंद होऊन. मागे शेठ. सगळी कामं थांबली.

"चोर!" साहेब सावळारामच्या तोंडापुढे तो कागद नाचवत ओरडले. "माझं टपाल फोडलंस! नाहीतर हा नकाशा तुला आधी मिळाला कसा? तुरुंगात घालीन तुला!"

शेठ म्हणाले, "सावळाराम, कबूल करून टाक. साहेब दयाळू आहेत."

सावळारामने फडक्याने हात पुसले, एकेक बोट, अगदी स्वच्छ. मग दोन्ही हात पुढे केले.

"द्या की साहेब जरा. मलाबी बघायचाय कसा हाय त्यो नकाशा."