हाकेला आलेल्या कोंबड्या
मारलेल्या कोंबड्या पुरताना खड्ड्यात टाकतात त्या चुन्याच्या भुकटीचा वास आला की मला मुडबीकडचं ते गाव आठवतं. मी तेव्हा पशुवैद्यकीय खात्यात नवीन होतो. तिथल्या एका पोल्ट्रीत बर्ड फ्लू सापडला होता आणि सरकारी नियमाप्रमाणे आसपासच्या घरांतल्याही सगळ्या कोंबड्या मारायच्या होत्या. पांढरे झगे घालून आम्ही एका म्हाताऱ्या अक्काच्या अंगणात शिरलो, तशा तिच्या गावरान कोंबड्या बिथरून तुरीत पळाल्या. तासभर धावूनही एकही हाती लागली नाही. "कामून पळायलाव, साहेब? अशा न्हाई सापडायच्या त्या," अक्का उंबऱ्यावरून म्हणाली. "न्हाई मारल्या तर रोग गावभर जातो, व्हय ना?" मी मान डोलावली आणि तिला हातमोजे, मास्क दिला. तिनं मूठभर ज्वारी घेतली, रोजच्यासारखी हाक मारली, आणि एकेक करत सगळ्या तिच्या पायाशी आल्या. ती उचलून देत गेली, मी घेत गेलो. शेवटची देताना म्हणाली, "हिचा पाय दुखायलाय, सावकाश धरा." रोग पुढे पसरला नाही. आता हे काम मी नव्या लोकांना शिकवतो, पण तिचं ते वाक्य अजून कुणाला सांगता आलेलं नाही.