एस्तेरताईची साक्ष

माझी बहीण बरी झाली नाही.
मेली.

आज वर्ष झालं. सकाळपासून आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर तिचा फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, 'विश्वासात विजयी झालेली आमची भगिनी.'

जिवंत होती तेव्हा याच मंडळीनं तिला बोलू दिलं नाही.

एस्तेरताई सिंदी मेघेत माझ्याकडेच राहायची. लग्न नाही, स्वतःचं घर नाही, दोन्ही किडन्या गेलेल्या. जगाच्या लेखी नापास. चर्चच्या लेखी त्याहून नापास, कारण इतकी प्रार्थना करूनही रिझल्ट नव्हता.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्ष असते. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सांगायचं.
कुणाच्या मुलाला व्हिसा मिळाला. कुणाचं प्रमोशन. कुणाचा सेलू रोडवर प्लॉट. की लगेच टाळ्या, हालेलुया.

ताईही उभी राहायची. "डायलिसिस चालूच आहे. देव माया संग आहे." एवढं बोलून बसायची.
टाळी नाही. लोक आपापल्या पायाकडे बघायचे.

मग एक दिवस चर्चचे पाळकसाहेब कमिटीतल्या एका काकांना घेऊन घरी आले. माझाच चहा पीत काका म्हणाले, "एस्तेरबाई, एखादं पाप कबूल कराचं राह्यलं का? एवढी प्रार्थना करून राह्यलो, गुण काऊन नाई?"
उचलली जीभ लावली टाळ्याला.

पाळकसाहेब गोड माणूस. ते म्हणाले, "ताई, बऱ्या झाल्या की मंग साक्ष देजा. नवीन लोकं येऊन राह्यले, त्याइचा विश्वास डगमगते."

ते गेल्यावर मी कप आपटले. "आता पाऊल टाकू नको तिथं."
ताई म्हणाली, "देवानं मले बरं कराचं कबूल नव्हतं केलं. सोडून जाणार नाई, एवढंच म्हटलं होतं."
"मंग तुया या हालाचा त्याले उपयोग काय?"
"मले नाई मालूम. त्याले मालूम आहे."

मला हे उत्तर तेव्हा आवडलं नाही. आजही आवडत नाही. पण ती त्यावर जगत होती, आणि माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

शेवटी शेवटी तिला एकच हवं होतं. एकदा साक्ष द्यायची.
"मेल्यावर तुमी लोकं माया नावानं काईबी सांगान. जितेपणी मले माया तोंडानं सांगू दे."

मी घेऊन गेले. माझ्या खांद्याला धरून ती उभी राहिली. "प्रभूची स्तुती असो," म्हणाली.
पाळकसाहेबांनी कीबोर्डवाल्याकडे पाहिलं.

गाणं सुरू झालं. अख्खी मंडळी उभी, हात वर, डोळे मिटलेले. मरत्या बाईचं तोंड बंद करायला देवाचंच गाणं वापरलं त्यांनी.

ती थांबली नाही. गाणं चालू, आणि ती बोलतेय. बोलणं पूर्ण केलं, मगच बसली.

पुढच्या साक्षीपर्यंत ती राहिली नाही. कमिटीचा सुंठीवाचून खोकला गेला. अंत्यविधीला काका तिच्या विश्वासावर भरभरून बोलले.

त्या रविवारी ती काय बोलली, ते फक्त मी ऐकलं. माझा कान तिच्या तोंडाशी होता. ज्यांना ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी लिहितेय.

"देवा, तू मले बरं नाई केलं. तरी मी तुयीच आहो."

खाली फुलं, हात जोडलेले इमोजी, भावपूर्ण वगैरे काही टाकू नका.
साक्ष संपली की मंडळीनं आमेन म्हणायचं असतं. तेवढं म्हणा.