दुर्मुशने काय उत्तर दिलं

लाम्बर्ट क्रोनेन मुकादम झाला त्याच साली आमच्या खाणीत तुर्क आले. त्याआधी इटालियन होते, थोडे ग्रीक होते, त्यांच्याही आधी पोलिश. बेल्जियममधल्या लिम्बर्गची आमची पोरं तोवर मोटारींच्या कारखान्यात जायला लागली होती, म्हणून कोळशासाठी खाली उतरायला माणसं लांबून आणावी लागत. मी दिवेघरात कामाला होते. पाळीवर जाणाऱ्याला त्याच्या नंबरचा दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा.

लाम्बर्टच्या तुकडीत चौदा जण आणि पाच भाषा. त्याला त्याचं काही वाटत नसे. माझ्या खिडकीशी उभा राहून म्हणायचा, ‘‘भाषा कशाला लागते? उचल, ठेव, थांब, पळ. ओरडून सांगितलं की कुणालाही कळतं.’’

‘‘आणि त्याला तुला काही सांगायचं असेल तर?’’ मी एकदा विचारलं.

‘‘त्याला काय सांगायचंय? तो कामाला आलाय.’’

माणूस वाईट नव्हता. तोंडाचा फटकळ, पण नव्या माणसाला कधी धोक्याच्या जागी उभं करायचा नाही. तुर्कस्तानातल्या एमिरदागकडचे दोन भाऊ त्याच्याकडे आले, हिदिर आणि दुर्मुश. पहिल्याच दिवशी त्याने थोरल्या हिदिरला आपल्या डब्यातला अर्धा पाव दिला. आत डुकराचं मांस होतं. हिदिरने छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली. लाम्बर्टला राग आला. ‘‘माझ्या हातचं खाल्लं नाही बेट्याने,’’ तो मला म्हणाला. त्यानंतर बरेच दिवस तो त्या दोघांशी कामापुरतंच बोलायचा.

एकोणीसशे सहासष्टच्या फेब्रुवारीत, सकाळच्या पाळीला, ते घडलं. कोळसा काढून झालेल्या भागातले लोखंडी खांब यंत्राने ओढून काढायचे असतात, मग मागचं छत आपोआप खाली येतं. ओढण्याआधी तिथे कुणी नाही, याची खात्री मुकादमाने करायची. यंत्रापाशी लाम्बर्ट होता. दहा-बारा पावलांवर, खांबांच्या कडेला दुर्मुश. कोळशाचा पट्टा खडखडत होता आणि धुळीत माणसं दिसत नव्हती, नुसते टोपीवरचे दिवे दिसत होते.

‘‘मागे सगळं मोकळं?’’ लाम्बर्ट ओरडला.

दुर्मुशचा दिवा वर गेला. लाम्बर्टने यंत्र चालू केलं.

हिदिर विसरलेला हातोडा घ्यायला मागे गेला होता. त्याला बाहेर काढायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. दुर्मुश हातांनी दगड उपसत होता, त्याला तिथून हलवायला तीन माणसं लागली. हिदिरचा, एकशे बाराव्या खुंटीवरचा दिवा चेपलेला परत आला, तो मीच घेतला.

चौकशीला मला दिव्यांची वही घेऊन बोलावलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. मोठे अभियंतासाहेब, त्यांचा कारकून, लाम्बर्ट, दुर्मुश, आणि ब्रसेल्सहून आलेला एक तरुण तुर्की दुभाषा.

‘‘त्याने होकार दिला,’’ लाम्बर्ट म्हणाला. ‘‘मी स्वतः पाहिलं.’’

दुभाष्याने दुर्मुशला विचारलं. दुर्मुश हळू आवाजात बोलला.

‘‘तो म्हणतो, मी ‘नाही’ असंच म्हटलं. दादा मागे होता, मी हो कसं म्हणेन?’’

‘‘‘नाही’ कसं म्हटलं ते दाखवायला सांगा,’’ साहेब म्हणाले.

दुर्मुशने हनुवटी वर उचलली, भुवया ताणल्या आणि जिभेने चक् केलं.

‘‘झालं,’’ साहेब कारकुनाला म्हणाले. ‘‘मान डोलावली. लिहा.’’

‘‘साहेब,’’ दुभाषा म्हणाला, ‘‘आमच्याकडे याचा अर्थ ‘नाही’ असा होतो.’’

लाम्बर्ट दुर्मुशच्या हनुवटीकडे बघत होता. त्याचा चेहरा असा झाला की मी वहीत डोकं घातलं.

साहेबांनी चष्मा पुसला. ‘‘तुमच्याकडे काय असतं ते इथे चालत नाही. ही खाण बेल्जियमची आहे.’’ आणि कारकुनाने लिहिलं की कामगाराने चुकीची खूण केल्यामुळे अपघात झाला. तो कागद लाम्बर्टपुढे सरकवला. त्याने सही केली. लाम्बर्टची दोन मुलं शाळेत होती, कंपनीचंच घर होतं. पण मी त्याची बाजू घेत नाही. मलाही तेव्हा तोंड होतं.

महिनाभराने दुर्मुश भावाला गावी पुरून परत आला. त्याला दुसऱ्या तुकडीत घालायचं ठरलं होतं. तो दुभाष्याला घेऊन कचेरीत गेला आणि म्हणाला, मला क्रोनेनकडेच ठेवा. कचेरीतल्यांना वाटलं, हा सूड घेणार. लाम्बर्टलाही तेच वाटलं असावं. त्याने दुर्मुशला माझ्या खिडकीसमोरच गाठलं. दुभाषा सोबत होता.

‘‘माझ्याकडे का?’’

दुर्मुशचं उत्तर दुभाष्याने सांगितलं. ‘‘तुम्हाला आता ठाऊक आहे. दुसऱ्या मुकादमाला ठाऊक नाही. त्याला शिकवायला पुन्हा कुणीतरी मरावं लागेल.’’

त्यानंतर लाम्बर्टने तुकडीची पद्धत बदलली. मानेने उत्तर द्यायचं नाही, दिव्याने तर नाहीच. मुकादमाने सांगितलेलं ज्याने-त्याने आपल्या भाषेत मोठ्याने परत सांगायचं, आणि ते कळण्यापुरते शब्द लाम्बर्टने शिकून घेतले. खांब ओढण्याआधी प्रत्येकाने येऊन लाम्बर्टच्या खांद्याला हात लावायचा, चौदा हात लागल्याशिवाय यंत्राला हात नाही. रविवारी तो तुर्कांच्या बराकीत जाऊन बसू लागला. पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी चहा दिला आणि कुणी बोलेना. तो तासभर बसून उठून आला. पुढच्या रविवारी पुन्हा गेला. तिथे त्याला कळलं की आपण विचारलं, ‘कळलं का?’ तर पोरं हो म्हणतात, कारण मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. मग तो ‘कळलं का?’ विचारायचा बंद झाला. ‘आता तू काय करणार?’ असं विचारायला लागला.

बाकीचे मुकादम त्याची टर उडवायचे. ‘‘काय लाम्बर्ट, सुंता कधी?’’

‘‘तुझी तुकडी मोजून घे आधी,’’ तो म्हणायचा.

त्याचं काम इतरांपेक्षा संथ व्हायचं. त्यावरून साहेबांनी त्याला दोनदा झापलं. पण पुढच्या एकोणीस वर्षांत त्याच्या हाताखाली एकही माणूस गेला नाही. दुसऱ्या तुकड्यांत सात गेले. त्यांतले चार परदेशातून आलेले.

दुर्मुश त्या सगळ्या वर्षांत त्याच्याकडेच राहिला. रोज खांद्याला हात लावायचा, हुकूम परत सांगायचा. पण पाळी संपली की एक शब्द नाही. लाम्बर्ट बराकीत आला की दुर्मुश उठून बाहेर जायचा.

निवृत्तीच्या वर्षी लाम्बर्ट कचेरीत गेला आणि म्हणाला, मला सहासष्टची माझी जबानी बदलायची आहे. तिथे नवा माणूस होता. म्हणाला, ‘‘ते प्रकरण कधीच बंद झालंय, काका. साहेब वारले. आता कुणासाठी बदलायचं?’’

‘‘हिदिरच्या भावासाठी.’’

‘‘त्याने मागणी केली आहे का?’’

लाम्बर्ट तसाच दुर्मुशच्या दारी गेला. हे मला लाम्बर्टच्या बायकोने सांगितलं. दारातच उभं राहून, मोडक्या तुर्कीत त्याने सांगितलं की कागदावर मी सही केली, त्यात दोष तुझ्यावर आहे, आणि तो आता पुसता येत नाही. दुर्मुश म्हणाला, ‘‘माहीत आहे. दुभाष्याने त्याच दिवशी सांगितलं होतं.’’ आणि दार लावून घेतलं.

लाम्बर्टची छाती धुळीने भरलेली होती. शेवटची दोन वर्षं खिडकीशी खुर्चीत बसून काढली. आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून झोपही बसूनच. जुन्या तुकडीतले इटालियन यायचे, तुर्कही यायचे. दुर्मुश आला नाही.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. मी उशिरा पोचले, म्हणून मला दिसलं. दुर्मुश रस्त्यापलीकडे बर्फात उभा होता, टोपी हातात. आत येतोस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाही. तोंडाने म्हणाला, आमच्या भाषेत, स्पष्ट. पेटी बाहेर येईपर्यंत तो तिथेच थांबला. मग टोपी घातली आणि लाम्बर्टच्या बायकोशी न बोलताच घरी गेला.